एक फोन, अडतीस मुलं, सहा तलाव: वर्गात वेब साधनं वापरायची तर कशी

शिक्षकांच्या प्रशिक्षणात आपल्याला वीस-पंचवीस ॲपची यादी मिळते. घरी येऊन आपण त्यातली दोन उघडतो, खातं काढतो, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा खडू-फळ्याकडे वळतो. माझंही बरीच वर्षं हेच चाललं होतं. मग मी प्रश्न उलटा विचारायला लागले. शेवटच्या बाकावरची मुलगी आज असं काय करणार आहे, जे बाकीच्या सदतीस जणांना दिसेल? आधी याचं उत्तर हवं, साधन त्यानंतर. ज्या साधनात फक्त मीच दाखवते आणि मुलं बघतात, ते कितीही चकचकीत असलं तरी मी सोडून देते.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका मराठी शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा पाठ आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर एका प्रकल्पातून केला. आपलं शहर तलावांचं म्हणवतं, मग या सगळ्या तलावांचं पाणी सारखंच आहे का? मासुंदा, कचराळी, मखमली, सिद्धेश्वर, उपवन आणि रायलादेवी असे सहा तलाव घेतले आणि सहा गट केले. तीन आठवडे लागले. जे केलं ते क्रमाने सांगते. तुमचा विषय इतिहास असो की भूमिती, पायऱ्या फारशा बदलणार नाहीत. आणि नवी मुंबईत असाल तर तलावांऐवजी ठाणे खाडी घ्या. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, म्हणजे मुलांना विचारायला प्रश्नांची कमी नाही.

आधी घरचे फोन मोजा

कुठलंही खातं काढण्याआधी मुलांना कागदाची एक चिठ्ठी द्या. प्रश्न तीनच. घरात स्मार्टफोन किती? तुझ्या हातात तो किती वाजता येतो? संध्याकाळपर्यंत त्यात डेटा उरतो का? चिठ्ठीवर नाव नको, फक्त हजेरी क्रमांक.

माझ्या वर्गात बहुतेक घरांत एकच फोन निघाला आणि तो वडील पाळीवरून परतल्यावर, रात्री आठ-नऊला मुलांच्या हाती येणारा. काहींच्या घरी तोही नाही. या एका माहितीने अर्धी यादी गळून पडली. कहूटसारखे प्रश्नमंजुषेचे खेळ वर्गात सगळ्यांच्या हातात एकाच वेळी फोन असेल तर रंगतात, आमच्याकडे ते शक्य नव्हतं. ज्याचं तो सवडीने सोडवेल अशी प्रश्नमंजुषा हवी असेल तर बंगळुरूमध्ये सुरू झालेलं क्विझिझ बरं. २०२५ मध्ये त्याचं नाव वेग्राउंड झालं आहे, शोधताना गोंधळू नका. त्यात गृहपाठ म्हणून मुदत घालून देता येते.

ज्यांच्या घरी फोन नाही त्यांना वेगळं बसवू नका. प्रत्येक गटात किमान दोन फोनवाली घरं येतील असे गट पाडा, आणि शाळेच्या संगणक कक्षात आठवड्याचा एक तास त्या मुलांच्या नावाने आधीच राखून ठेवा.

वर्गात फक्त शिक्षकाचा फोन: प्लिकर्स

मला एकच साधन निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन. यात मुलांच्या हातात फोन नसतो, कागदाचं कार्ड असतं. कार्डावर काळी चौकोनी नक्षी, तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. मुलाला ‘बी’ म्हणायचं असेल तर ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवलात की कोणी काय उत्तर दिलं ते तुमच्या फोनच्या पडद्यावर येतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजारच्याचं बघून उपयोग नाही. एरवी हात वर करून उत्तर द्यायला लाजणारी मुलं इथे बिनधास्त उत्तर देतात, कारण त्यांचं उत्तर फक्त तुम्हाला कळतं.

प्लिकर्सच्या साइटवर खातं काढा, वर्ग तयार करा, नावांच्या जागी हजेरी क्रमांक टाका. साइटवरच कार्डांची पीडीएफ फुकट मिळते. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, मोठ्या वर्गासाठी ६३ पर्यंतचा संच आहे. जाड कागदावर छापा. लॅमिनेशन करणार असाल तर चकाकी नसलेलं करा. चकचकीत प्लास्टिकवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. कार्डाच्या मागे हजेरी क्रमांक मोठा लिहा. आणि मुलांना सांगा की धरताना बोट नक्षीवर येऊ द्यायचं नाही. पहिल्या दिवशी निम्मी कार्डं याच कारणाने वाचली जात नाहीत.

खरी मेहनत प्रश्नात आहे. सामू म्हणजे पीएच, आम्लता मोजायचा आकडा; सात म्हणजे उदासीन. ‘आम्लाचा सामू किती असतो’ असं विचारलंत तर पाठांतर तपासलं जाईल, एवढंच. मी विचारलं: संत्र्याच्या रसात पाणी ओततच राहिलो, तर त्याचा सामू शेवटी कुठे पोचेल? ए: सातच्या जवळ जाईल, पण ओलांडणार नाही. बी: सात ओलांडून वर जाईल. सी: अजिबात बदलणार नाही. डी: आणखी खाली जाईल. उत्तरं बी आणि सीमध्ये विखुरली, एला थोडीच. इथे बरोबर उत्तर सांगायचा मोह होतो, तो आवरा. कोणत्या पर्यायाला किती मतं पडली एवढंच दाखवा आणि म्हणा, ‘शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवून दे. दोन मिनिटं.’ मग त्याच प्रश्नावर पुन्हा कॅमेरा फिरवा. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांनी एकमेकांना समजावण्याची ही पद्धत रुजवली, तेव्हा ना प्लिकर्स होतं ना मुलांच्या हातात स्मार्टफोन. त्या दोन मिनिटांत वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या, शिकणं त्यातच चाललेलं असतं. एका तासात असे पाचपेक्षा जास्त प्रश्न घेऊ नका.

अंदाज आधी, प्रयोग नंतर: फेट

वाद रंगात आला की मग फेट उघडायचं. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर हाताने करून बघता येतात, सगळे फुकट, आणि कित्येकांची मराठी आवृत्ती आहे. सामूच्या प्रयोगात दूध, कॉफी, संत्र्याचा रस, साबण, थुंकी, एवढंच काय, उलटीसुद्धा आहे. त्यावर वर्ग दोन मिनिटं हसतो आणि मग उलटी इतकी आम्लधर्मी का, हे स्वतःच विचारतो.

मी एका मुलाला माऊस दिला. त्याने भांड्यात संत्र्याचा रस घेतला, मीटर बुडवलं, आकडा वाचला. मग वरच्या नळाने पाणी ओतलं, भांडं भरल्यावर खालच्या नळाने थोडं काढलं, पुन्हा पाणी. आकडा सातकडे सरकत राहिला आणि सातच्या अलीकडेच रेंगाळला. ‘ओलांडतच नाही, बाई!’ असं तो मागे वळून म्हणाला, आणि ज्यांनी ‘बी’ धरलं होतं ती पोरं उठून पडद्याजवळ आली. कारण त्यांच्याकडूनच काढून घ्या: पाणी स्वतः उदासीन आहे, ते आम्ल पातळ करतं, आम्लारी कुठून आणणार?

शाळेचं नेट भरवशाचं नसतं, म्हणून प्रयोग आदल्या दिवशी घरून उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. फेटच्या प्रत्येक नव्या प्रयोगाची फाइल डाउनलोड करता येते आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते.

तलावावर: मोजमाप फॉर्ममध्ये

तलावाकाठी मुलांना पाण्यात उतरू द्यायचं नाही. घाटावरून बादलीने पाणी शिक्षक किंवा पालक काढतील, मुलं सामूपट्टी बुडवून रंग जुळवतील आणि तापमान घेतील. नोंद करायची ती गूगल फॉर्मवर. सुरुवातीलाच सगळ्यांनी एका शीटमध्ये लिहायचं नाही, याचं कारण पुढे सांगते.

फॉर्म लहान ठेवा. तलावाचं नाव लिहायला लावू नका, ड्रॉपडाउन द्या. नाहीतर ‘मासुंदा’, ‘मासूंदा’ आणि ‘तलावपाळी’ असे एकाच तलावाचे तीन तलाव तयार होतात. सामूच्या प्रश्नाला उत्तर-पडताळणी लावा: संख्या, ० आणि १४ च्या मध्ये. ही मर्यादा मी आधी घातली नव्हती आणि एका गटाने ७.५ च्या जागी ७५ पाठवलं होतं. दशांश चिन्ह राहिलं, बाकी काही नाही, पण सगळी सरासरी कोलमडली. आकडे इंग्रजी अंकांतच टाकायचे हेही मुलांशी आधी ठरवा, म्हणजे पुढे शीटमध्ये बेरीज-सरासरी बिनघोर निघते.

फोटोसाठी ‘फाइल अपलोड’चा प्रश्न टाकलात तर भरणाऱ्याला गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं आणि सगळे फोटो तुमच्या ड्राइव्हची जागा खातात. फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसह मिळून. म्हणून मी फोटो फॉर्ममध्ये घेत नाही, त्यांची जागा पुढे येणाऱ्या भिंतीवर.

आणखी एक सोय फारशी कोणी वापरत नाही. फॉर्मच्या तीन टिंबांच्या मेनूत ‘प्री-फिल्ड लिंक’ असते. तिथे गट आणि तलाव आधीच भरून सहा वेगळ्या लिंक काढा आणि ज्याची त्याला द्या. उन्हात उभं राहून एका हाताने फोन धरणाऱ्या मुलाचे दोन उत्तरं भरण्याचे कष्ट वाचतात.

एकत्र विचार करायचा तो शीटमध्ये

फॉर्मची उत्तरं आपोआप एका गूगल शीटमध्ये जमा होतात. ती शीट मुलांना फक्त बघायला द्या. तिच्यावरून निष्कर्ष काढायला दुसरी शीट बनवा, तिच्यात प्रत्येक गटाचं एक पान, आणि ही लिंक ‘एडिटर’ म्हणून द्या. प्रत्येक पानावर तीन रकाने पुरे: आम्हाला काय दिसलं, असं का असेल, दुसऱ्या गटाचा प्रश्न. तिसरा रकाना सर्वात मोलाचा. उपवनच्या गटाने रायलादेवीच्या पानावर जाऊन ‘तुम्ही पाणी सकाळी घेतलं की दुपारी?’ असं विचारलं, तेव्हा मला कळलं की वेळ नोंदवायला मी कोणाला सांगितलंच नव्हतं. पुढच्या फेरीत फॉर्ममध्ये तो प्रश्न आला. प्रश्न मुलांचा, म्हणून तो भरायला कोणी विसरलं नाही.

मोजमाप थेट शीटमध्ये का लिहायचं नाही, आता ते कारण. एका रात्री मखमली गटाचं पान कोरं झालं. गटातल्या मुलीच्या हातातला फोन धाकट्या भावाने ओढला, बोट फिरलं, सगळं निवडलं गेलं आणि पुसलं गेलं. मुलगी सकाळी रडवेली होऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी. संगणकावर शीट उघडली, ‘फाइल’, मग ‘व्हर्जन हिस्टरी’. उजवीकडे तारीख-वेळेनिशी जुन्या आवृत्त्या, रात्री साडेनऊच्या आवृत्तीत सगळं जागच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडला.

पण इथे घाईने ‘रिस्टोअर’ दाबू नका. त्याने पूर्ण शीट मागे जाते, म्हणजे त्यानंतर बाकीच्या पाच गटांनी लिहिलेलंही पुसलं जातं. जुन्या आवृत्तीची प्रत काढा, त्यातून फक्त हरवलेलं पान उचला आणि चालू शीटमध्ये चिकटवा. मुलांसमोर करा. काही बिघडलं तर परत आणता येतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं सामायिक फाइलला भीत नाहीत, आणि कोणावर आळही घेत नाहीत.

तरी खबरदारी हवी. शीर्षकाच्या ओळी आणि पूर्ण झालेली पानं ‘डेटा’ मेनूतल्या ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ने कुलूपबंद करा. हे संगणकावरूनच करा. आणि एक सवय लावा: लिहिलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी हजेरी क्रमांक. मुलं वडिलांच्या फोनवरून लिहितात, त्यामुळे इतिहासात नाव वडिलांचं दिसतं.

मराठी टायपिंगची अडचण

यावर मार्गदर्शक लेखांत कोणी लिहीत नाही, आणि आपलं काम बहुतेकदा इथेच अडतं. शाळेच्या जुन्या संगणकावरच्या प्रश्नपत्रिका बऱ्याचदा युनिकोडपूर्व, म्हणजे तो फाँट असेल तिथेच वाचता येणाऱ्या जुन्या फाँटमध्ये असतात. त्या फॉर्ममध्ये चिकटवल्या की अगम्य चिन्हं उमटतात. सगळं पुन्हा टाइप करत बसू नका. पानाचा स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ ड्राइव्हवर चढवा, त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडा. डॉक्स त्यातली मराठी अक्षरं ओळखून मजकूर देतं. जोडाक्षरं आणि रफार तेवढे डोळ्यांखालून घाला.

मुलांना फोनवरच्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी जोडून द्या. टायपिंग संथ असणारी मुलं बोलून लिहू शकतात, माइकचं चिन्ह दाबलं की झालं. तोंडी छान सांगणारा पण वही कोरी ठेवणारा एक मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याने कचराळीचं निरीक्षण बोलून लिहिलं, ते गटातलं सर्वात लांब निघालं. मग ते वाचून चुका दुरुस्त करायला त्याच्याच हाती दिलं, आणि लेखनाचा अभ्यास आयताच झाला.

सगळ्यांना दिसेल अशी भिंत आणि नकाशा

पॅडलेट ही सूचनाफलकासारखी भिंत. लिंक असलेला कोणीही खातं न काढता तिच्यावर फोटो, आवाज, मजकूर लावू शकतो. मोफत खात्यात भिंती मोजक्याच मिळतात, म्हणून प्रत्येक पाठाला नवी भिंत नको, एकाच भिंतीवर सहा स्तंभ करा. सेटिंगमध्ये जाऊन आधी ‘मॉडरेशन’ चालू करा, म्हणजे तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय काही झळकत नाही. पहिल्याच दिवशी हे करा, काहीतरी नको ते लागल्यावर नव्हे. आजी-आजोबांच्या आठवणी मुलांनी आवाजात लावल्या. या तलावात आम्ही पोहायला शिकलो, इथे कपडे धुवायचो. पाठ आम्लांचा होता, पण भिंतीचा हा भाग मी काढायला लावला नाही.

नकाशासाठी गूगल माय मॅप्स. हे संगणकाच्या ब्राउझरमध्येच करायचं काम. गूगल मॅप्सवर तलावाच्या जागी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात, ते शीटमध्ये दोन रकान्यांत भरा, आणि माय मॅप्समध्ये ‘इम्पोर्ट’ने ती शीट ओढा. सहाही खुणा एकदम उमटतात, प्रत्येकीवर सामू आणि तापमान. नोंदींच्या प्रत्येक फेरीला वेगळा थर करा, दहा थरांपर्यंत सोय आहे. नकाशा पडद्यावर आला तेव्हा मुलांनी पहिल्यांदा शोधलं ते स्वतःचं घर.

नुसती आकृती सगळ्यांनी मिळून काढायची असेल तर एक्सकॅलिड्रॉ वापरा, लॉगिनही लागत नाही.

मुलांची ओळख

यावर तडजोड नको. पॅडलेट, फॉर्म, नकाशा, कुठेही पूर्ण नाव, चेहरा, घरचा पत्ता किंवा फोन नंबर जाता कामा नये. गूगलचं स्वतःचं खातं काढायला १३ वर्षं पूर्ण हवीत. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ खालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. मी पालकसभेत नकाशा आणि भिंत पडद्यावर दाखवते, कोणती माहिती जाते आणि कोणती जात नाही ते सांगते, मुख्याध्यापकांच्या सहीच्या पत्रावर संमती घेते. एका आईने विचारलं, ‘माझ्या नंबरवरून लिहिलेलं दुसऱ्यांना दिसेल का?’ नंबर दिसत नाही, पण गूगल खात्याचं नाव दिसू शकतं, हे मी तिला सांगितलं. ज्यांना ते नको होतं त्यांच्या मुलांनी संगणक कक्षातून लिहिलं.

व्हॉट्सॲप गटात टाकलेली लिंक कुठवर जाईल याचा नेम नाही. म्हणून मुदत संपली की त्याच दिवशी फॉर्ममध्ये उत्तरं घेणं बंद करा आणि शीटची लिंक ‘एडिटर’वरून ‘व्ह्यूअर’वर आणा.

काम झाल्यावर

फुकट साधनं कायमची नसतात. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला, मुलांचे व्हिडिओ गोळा करणारं फ्लिप त्याच वर्षी जुलैत स्वतंत्र साइट म्हणून थांबलं. माझ्या एका तुकडीचं वर्षभराचं काम एका वेगळ्याच साइटवर होतं. बंद होण्याची सूचना ईमेलमध्ये येऊन पडली होती, मी ती पाहिली नाही. मुलं दहावीनंतर भेटायला आली, ‘बाई, आपली ती चित्रं दाखवा ना’ म्हणाली, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

तेव्हापासून प्रकल्पाच्या शेवटच्या दिवशीच पॅडलेटची पीडीएफ, शीटची एक्सेल फाइल आणि नकाशाचं चित्र उतरवून शाळेच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवते. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला साचा द्यायचा असेल तर मुलांच्या नोंदी काढून टाकलेली प्रत बनवा, तिच्या लिंकच्या शेवटी इंग्रजीत ‘एडिट’ शब्द येतो तिथपासून पुढचं सगळं खोडून ‘कॉपी’ टाइप करा. समोरच्याने ती उघडली की त्याला थेट स्वतःची प्रत मिळते, तुमची जागची हलत नाही.

तलावांचा नकाशा मात्र आम्ही बंद केलेला नाही. जूनमध्ये नवी नववी येईल, ती पावसाळ्यानंतरचा थर चढवेल. प्लिकर्सची कार्डं धुळीपासून वाचावीत म्हणून जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत, क्रमांकानुसार लावून. त्यातलं सतरा नंबरचं फाटलं आहे, तेवढं पुन्हा छापायचं आहे.